ई-पुस्तक काढताय? आधी किल्ली कुणाकडे राहणार ते ठरवा

गेल्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले. प्लास्टिकच्या पिशवीत स्वतःच्याच आठवणींचं पुस्तक, २१६ पानी. "ताई, याचं ई-बुक करायचंय. तसं एकदा झालंय, पण ते गेलं."

गेलं म्हणजे काय, तर काही वर्षांपूर्वी एका ॲपवाल्यांनी त्यांना ते फुकटात करून दिलं होतं. पुढे ॲप बंद पडलं. सरांनी कधी फाइल मागितली नव्हती आणि त्यांनी कधी दिली नव्हती. ज्यानं मूळ पुस्तक लावलं त्याचा कॉम्प्युटर भंगारात गेलेला. सुदैवानं त्याच्या भाच्याकडे एक सीडी सापडली, नाहीतर मी २१६ पानं पुन्हा टाइप करत बसले असते आणि सरांनी त्याचे पैसे भरले असते.

अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीत मी सव्वीस वर्षं डीटीपी करतेय. गेली दहाएक वर्षं ई-पुस्तकंही. येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "किती दिवसांत होईल?" आणि मग, "कुणी कॉपी तर नाही ना करणार?" फाइल कुणाच्या हातात राहणार, हे कुणीच विचारत नाही. म्हणून ते मीच सांगते, चहा येईपर्यंत. तेच इथं लिहून ठेवते.

मजकूर आधी सोडवून घ्या

ई-पुस्तकाचं कुलूप म्हटलं की लोकांना किंडल, म्हणजे ॲमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, आठवतं. आपल्या मराठी पुस्तकांना त्याआधीच एक कुलूप लागलेलं असतं आणि ते फॉन्टचं असतं. श्रीलिपी, आयएसएमचे जुने फॉन्ट, शिवाजी, कृतिदेव यांत लावलेला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. ती इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात, वर मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की खाली सगळा कचरा. पुण्यातली निम्मी पुस्तकं अजून अशीच पडून आहेत, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये ती लावली त्याचं डोंगल (ते चालू व्हायला कॉम्प्युटरला लावावा लागणारा खुंटा) हरवलं की धन्याचीच दारात उभं राहायची वेळ येते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सगळं युनिकोडमध्ये आणणं, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत. कन्व्हर्टर फुकट मिळतात, दोन मिनिटांत काम होतं, आणि नंतरचे आठ दिवस चुका वेचण्यात जातात. कुठं बघायचं ते सांगते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर जाते. साध्या अक्षराला कन्व्हर्टर बरोबर हलवतो, जोडाक्षर आलं की अडखळतो आणि "व्यक्ितमत्त्व" असलं काहीतरी करून ठेवतो. रफार असाच एखादं अक्षर अलीकडे-पलीकडे जाऊन बसतो.

सगळ्यात लबाड चूक ऱ्याची. सरांच्या पुस्तकात शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं वर्णन आहे. चारशे माणसांचं जेवण, आणि "आचाऱ्यांनी पहाटेपासून भट्ट्या पेटवल्या". कन्व्हर्ट केल्यावर तिथं "आचार्यांनी पहाटेपासून भट्ट्या पेटवल्या" झालं. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे स्पेलचेकला पत्ता नाही. अशा वेळी "र्या" आणि "र्ह" शोधायला लावायचं आणि प्रत्येक ठिकाण डोळ्यांनी बघायचं. सूर्या राहू द्यायचा, दऱ्याखोऱ्या दुरुस्त करायच्या. दुसरा उपाय नाही.

फॉन्ट निवडताना परवाना बघा. छपाईला विकत घेतलेला फॉन्ट ई-पुस्तकात घालायची मुभा बहुतेक वेळा नसते. मुक्ता किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका खुल्या परवान्याचे आहेत, ते बिनधास्त वापरता येतात. आणि फाइलमध्ये भाषेच्या जागी मराठी लिहायला विसरू नका. नाहीतर ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि पहिल्याच पानावर वाचक नाक मुरडतो.

मूळ प्रत ईपब

मजकूर शुद्ध झाला की त्याचं ईपब करा, म्हणजे ई-पुस्तकाची खुल्या साच्यातली फाइल. पीडीएफ नको. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो काढल्यासारखं, मोबाइलवर वाचताना बोटांनी ताणत बसावं लागतं.

ईपब हे कुण्या कंपनीच्या मालकीचं नाही. आधी एक आंतरराष्ट्रीय प्रकाशन-संघटना त्याचे नियम सांभाळायची, २०१७ पासून ते वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीकडे आहे. आत काय असतं ते मी गिऱ्हाइकाला समोर बसवून दाखवते. फाइलच्या नावातलं शेवटचं "ईपब" पुसून "झिप" लिहायचं आणि उघडायचं. आत साधी फोल्डरं. एका फोल्डरात प्रकरणं, वेबपानं असतात तशी, दुसऱ्यात चित्रं, एक फाइल सजावटीची, एक अनुक्रमाची. प्रकरण नोटपॅडमध्ये उघडलं तरी मराठी वाचता येतं. सर चष्मा कपाळावर चढवून बघत होते. "म्हणजे सॉफ्टवेअर नसलं तरी माझं पुस्तक वाचता येईल?" येईल. वीस वर्षांनी, कुणाचंही ॲप नसताना येईल. ईपबच का, याचं एवढंच उत्तर.

करायला महागडं काही लागत नाही. लिब्रेऑफिसच्या रायटरमधून थेट ईपब निघतं, गूगल डॉक्समधूनही. मी सिगिल वापरते, तेही फुकट. पथ्य एकच: प्रकरणाची नावं "हेडिंग" म्हणून लावा, नुसती ठळक आणि मोठी करू नका, नाहीतर अनुक्रमणिका तयार होणार नाही. झाल्यावर ईपबचेक या फुकटच्या तपासनिसातून फाइल काढा. तो दाखवेल त्या चुका दुरुस्त केल्याशिवाय कुठल्याही दुकानात पाठवू नका. शेवटी एकदा जुन्या, स्वस्त अँड्रॉइड फोनवर पहिली वीस पानं वाचा. तुमचा वाचक त्यावरच वाचणार आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जगभर चालणारा ओळख-क्रमांक, घ्या. आपल्याकडे राजा राममोहन रॉय एजन्सी तो फुकट देते, पण छापील आवृत्तीचा ई-पुस्तकाला चालत नाही, वेगळा घ्यावा लागतो. ॲमेझॉन स्वतःचा असिन नावाचा नंबर देतं आणि लोक त्यावर खूश राहतात. तो त्यांच्या गोदामातला नंबर आहे. बाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

कुलूप लावायचं का?

आता मुद्द्याचं. दुकानात पुस्तक चढवताना एक प्रश्न येतो: डीआरएम, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप, लावू का? बहुतेक लेखक घाबरून "हो" करतात, कारण ते ऐकायला विम्यासारखं वाटतं.

होतं काय, तर फाइल सांकेतिक करून टाकतात आणि ती उघडायची किल्ली वाचकाच्या त्या दुकानातल्या खात्याला बांधतात. ॲमेझॉनचं कुलूप वेगळं, ॲपलचं वेगळं, ॲडोबीचं वेगळं. आत ईपबच असलं तरी एका दुकानाचं कुलूपबंद ईपब दुसऱ्याच्या यंत्रावर उघडत नाही. ॲमेझॉननं २००५ मध्ये मोबीपॉकेट ही फ्रेंच कंपनी घेतली, २००७ मध्ये किंडल आणलं आणि तेव्हापासून पुस्तकाचा साचाही, म्हणजे फाइलचा प्रकार, स्वतःचाच ठेवला. आधी मोबीच्या वळणाचा, मग एझेडडब्ल्यूथ्री, मग केएफएक्स. म्हणजे साचा त्यांचा, कुलूप त्यांचं, वाचायचं यंत्रही त्यांचं.

पुस्तक तुमचं, कुलूप तुमच्या सांगण्यावरून लागलेलं, पण किल्ली तुमच्याकडे नाही आणि वाचकाकडेही नाही. दुकानदाराच्या कनवटीला आहे. उद्या तुम्ही त्या दुकानातून पुस्तक काढून दुसरीकडे नेलंत, तर आधीच्या वाचकाला "इकडे या" म्हणता येत नाही. त्याची पन्नास पुस्तकं तिथं अडकलीत, तो कशाला येतोय?

२०१४ मध्ये ॲमेझॉन आणि हॅशेट यांचं ई-पुस्तकांच्या किमतींवरून वाजलं. ॲमेझॉननं हॅशेटच्या नव्या पुस्तकांची आगाऊ नोंदणीची बटणं काढली, छापील पुस्तकं पोचवायला आठवडे लावले. ते नोव्हेंबरपर्यंत चाललं. हॅशेट जगातल्या पाच मोठ्या प्रकाशकांपैकी एक, पण आपल्याच वाचकांना दुसऱ्या दुकानात नेणं त्यांना सोपं नव्हतं. त्यांच्या ई-पुस्तकांना वर्षानुवर्षं कुलपं लागत होती, आणि किल्ल्यांचा जुडगा समोरच्याच्या हातात होता. उलट टॉर या विज्ञानकथांच्या अमेरिकी प्रकाशकानं २०१२ मध्ये सगळी कुलपं काढून टाकली. ते अजून उत्तम चाललेत.

"पण मग चोरी?" या प्रश्नावर मी टेलिग्राम उघडून दाखवते. मराठी पुस्तकांच्या तिथल्या फाइली नीट बघा: कडेला अंगठा दिसतो, मधल्या शिवणीची सावली दिसते, कुठं वाचनालयाचा शिक्का. छापील पुस्तक स्कॅन केलंय. त्या चोराला तुमच्या कुलपाशी कधी गाठच पडली नाही. कुलपाचा त्रास होतो तो पैसे देऊन घेणाऱ्याला, फोन बदलला की, खातं विसरलं की. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आणि त्रास म्हणजे नुसती गैरसोय नाही. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉननं लोकांच्या किंडलवरून विकलेली पुस्तकं परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून. त्यात नेमकं ऑर्वेलचं "१९८४" होतं, हे सांगितलं की लोकांना मी रचून सांगतेय असं वाटतं. ॲमेझॉनचे प्रमुख बेझोस यांनी नंतर माफी मागितली. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं, पैसे परत दिले आणि पुस्तकं नेली. आपल्याकडे फ्लिपकार्टनं २०१२ मध्ये ई-पुस्तकं सुरू केली आणि २०१५ च्या शेवटी आवरून गिऱ्हाइकं कोबो या दुसऱ्या ई-पुस्तकांच्या दुकानाकडे सोपवली. २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉननं किंडलची विकत घेतलेली पुस्तकं कॉम्प्युटरवर उतरवून वायरनं यंत्रात टाकायची सोय काढून घेतली. कॅलिफोर्नियानं तर त्याच वर्षापासून कायदाच केला: नुसता परवाना विकत असाल, तर "विकत घ्या" म्हणताना तसं स्पष्ट सांगा.

माझे सासरे गेले तेव्हा त्यांचं पुस्तकांचं कपाट आमच्याकडे आलं. टॅबमधली साठेक पुस्तकं आली नाहीत. खातं त्यांच्या नावाचं, पासवर्ड त्यांच्याबरोबर गेला. दुकानाला पत्र लिहिलं तर उत्तर आलं की परवाना हस्तांतरित होत नाही.

तर उत्तर: नको लावू. दुकानं विचारतात तिथं "नाही" निवडा. किंडलवर, गूगल प्लेवर, कोबोवर, तिन्हीकडे ही निवड प्रकाशकाच्या हातात आहे. नीट वाचून निवडा, कारण एकदा दिलेलं उत्तर पुढे बदलायला दरवेळी मिळतंच असं नाही. मनाला अगदीच चैन पडत नसेल तर फाइलच्या सुरुवातीला आणि मधे दोन ठिकाणी विकत घेणाऱ्याचं नाव घाला: "ही प्रत अमुक यांच्यासाठी". आपलं नाव असलेली फाइल माणूस गावभर वाटत नाही. मी ते हातानंच करते, फाइलमागे दोन मिनिटं.

कुणाचं लागलेलं कुलूप तोडून द्या म्हणून माझ्याकडे येऊ नका. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून ६५-अ कलम आहे. हक्कभंग करायच्या हेतूनं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अमेरिकेसारखं तोडणं हाच सरसकट गुन्हा आपल्याकडे नाही, हेतू बघतात, पण ते कोर्टात सिद्ध करायची हौस मला नाही.

अंध वाचकांचंही बोलायला हवं. उघडं ईपब मोबाइलवर मोठ्यानं मराठीत वाचून घेता येतं. कुलूपबंद असलं की ते त्या दुकानाच्या ॲपच्या मर्जीवर. अंधांना वाचता येतील अशा रूपात पुस्तकं करू देणारा माराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश, २०१४ मध्ये. कायद्यानं दार उघडलंय, मग आपण कशाला कडी लावायची?

सत्तर टक्क्यांचं गणित

किंडलवर पुस्तक जरूर घाला. मराठीसाठी त्यांनी २०१६ च्या डिसेंबरात दार उघडलं आणि परदेशातला मराठी वाचक तिथंच सापडतो. माझा राग दुकानावर नाही, एकाच दुकानावर विसंबण्यावर आहे.

तिथं रॉयल्टीचे दोन दर दिसतील, ३५ आणि ७० टक्के. डोळे ७० वर जातातच. १५० रुपयांच्या पुस्तकाला साडेबावन्न की एकशे पाच, कोण ३५ घेईल? पण भारतातल्या विक्रीवर ७० हवे असतील तर "सिलेक्ट" या योजनेत नाव घालावं लागतं. आणि सिलेक्ट म्हणजे नव्वद दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठंही विकायचं नाही. स्वतःच्या वेबसाइटवरही नाही. फुकट द्यायचं नाही, दहा टक्क्यांहून जास्त मजकूर ठेवायचा नाही. नव्वद दिवस संपले की मुदत आपोआप वाढते, तुम्ही जाऊन खूण काढेपर्यंत. अमेरिकेतल्या विक्रीला ही अट नाही, आपल्याला आहे. शिवाय ७० मधून फाइल पाठवायचा खर्च कापतात, वजनाप्रमाणे, म्हणून चित्रं हलकी ठेवा.

ही अट कुणी वाचतच नाही. माझ्याकडच्या एका कवयित्रीनं सिलेक्टवर टिक केली आणि त्याच आठवड्यात तोच संग्रह स्वतःच्या ब्लॉगवर टाकला. पुस्तक दुकानातून उतरलं. नियमाप्रमाणेच झालं ते.

सिलेक्ट कुणी घ्यावं? भयकथा, रहस्यकथा, प्रेमकथांच्या मालिका भराभर लिहिणाऱ्यांनी घ्यावं. त्यांचे वाचक महिन्याची वर्गणी भरून वाचतात, वाचलेल्या पानांवर पैसे मिळतात, आणि ते बरे मिळतात. सरांच्या आठवणी, गावाचा इतिहास, पाककृती, शेतीची पुस्तकं यांचा वाचक लेखकाला ओळखणारा असतो. तो दुकान सुचवतं म्हणून येत नाही. त्यांनी ३५ टक्के घ्यावेत, हात मोकळे ठेवावेत आणि थेट विकावं.

थेट विक्रीला मोठा थाट लागत नाही. एक साधं पान, यूपीआयचा कोड, पैसे आले की ईमेलनं किंवा व्हॉट्सॲपवर फाइल. पेमेंट गेटवे लावलात तर तो दोनेक टक्के घेतो, म्हणजे दीडशेतले तीन रुपये. जीएसटीचं तुमच्या सीएला विचारा: छापील पुस्तक करमुक्त आहे, ई-पुस्तक नाही. छापील आवृत्ती असेल तर दर कमी, २०१८ मध्ये तो १८ चा ५ झाला. नुसतंच ई-पुस्तक काढणाऱ्याला ही सवलत नव्हती. थेट विक्रीतला खरा फायदा मात्र पैशांचा नाही. घेणाऱ्याचा पत्ता तुमच्याकडे राहतो. पुढचं पुस्तक आलं की त्याला कळवता येतं. दुकानं तुम्हाला आकडे देतात, नावं देत नाहीत.

करारात काय बघायचं

प्रकाशक असेल तर ई-पुस्तकाचं कलम वेगळं मागा. "सर्व माध्यमांतील हक्क" असं मोघम लिहू देऊ नका. मुदत लिहा. लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, १९ व्या कलमात आहे ते. प्रदेश लिहा, नाहीतर भारतापुरताच धरला जातो. आणि एक वाक्य माझ्याकडून: "अंतिम ईपब फाइल, कुलुपाविना, लेखकाला दिली जाईल." प्रकाशक कुरकुरला तर समजा की फाइल त्याच्याकडेही नाही, ती करून देणाऱ्या कंपनीकडे आहे. करून देणारी कंपनी असो, मी असो, माझ्यासारखी आणखी कुणी असो, बिल चुकतं करायच्या आधी फाइली मागा.

सरांना मी जे दिलं ते सांगते. दोन पेनड्राइव्ह, प्रत्येकात चार गोष्टी: युनिकोडमधला शुद्ध मजकूर, ईपब, छपाईची पीडीएफ आणि मुखपृष्ठ मोठ्या आकारात. एक त्यांच्या घरी, एक मुलीकडे नाशिकला. शिवाय त्यांनी स्वतःलाच एक ईमेल पाठवली, ईपब जोडून. ती पाठवताना त्यांनी विषयाच्या ओळीत "माझे पुस्तक, जपून ठेवणे" असं लिहिलं आणि मग माझ्यासमोर बसून फाइल उघडते का ते फोनवर पाहिलं. उघडली. आचाऱ्यांच्या पानापर्यंत बोटानं सरकत गेले, ऱ्या बरोबर आहे याची खात्री केली आणि मग पाकीट काढलं.